चांदीवरील मुद्रा आणि रत्नागिरी परिसरातील वारसागत भांडी

चांदीच्या वस्तूवर तिची शुद्धता, ती घडविणारा कारागीर, तपासणीचे ठिकाण आणि कित्येकदा तपासणीचे वर्ष दर्शविण्यासाठी पोलादी ठशाने ज्या लहान खुणा उमटवितात, त्यांना मुद्रा म्हणतात. ‘हॉलमार्क’ ही आता मराठीतही रूढ झालेली संज्ञा लंडनच्या सुवर्णकार संघाच्या सभागृहावरून आली. तेथे १४७८ पासून वस्तू तपासणीसाठी नेऊन त्यांवर ठसे मारून घेण्याची पद्धत सुरू झाली. भारतात असे सभागृह नव्हते. साहजिकच रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या जुन्या घराची वाटणी होताना कपाटातून जी चांदी बाहेर येते, तिच्यातील बहुतेक वस्तूंवर कोणतीच अधिकृत मुद्रा नसते. काहींवर परदेशी मुद्रा असतात, तर काहींवर मुद्रेचा केवळ आभास असतो. या तिन्ही प्रकारांची ओळख पटविण्याच्या रीती वेगवेगळ्या आहेत. ती न पटविता सर्व चांदी एकाच तराजूत घालून मोडीत काढली, तर धातूचे मोल हाती येते; वस्तूचा इतिहास मात्र मुशीत जातो.

कोकणातील घरांत आढळणारी चांदी मुख्यत्वे पूजेची व संस्कारप्रसंगांची आहे. ताम्हन, पळी, पंचपात्र, निरांजन, समई, अत्तरदाणी, गुलाबदाणी, पानाचा डबा, जेवणातील वाटी व पेला, उष्टावणाची वाटी आणि चमचा, लहान मुलाला दूध पाजण्याचे बोंडले, वाळे, देव्हाऱ्यातील कुलदैवतांचे टाक आणि गौरींचे मुखवटे या तिच्यातील ठळक वस्तू होत. हाताने जेवण्याची रीत असल्यामुळे काटे, सुऱ्या व जेवणाचे चमचे यांचा संच येथील मूळ परंपरेत नाही. असा संच घरात आढळल्यास तो बाहेरून आला असावा, किंवा इंग्रजी वळणाच्या घरासाठी मुद्दाम घडवून घेतला असावा, असे प्रथमतः धरून चालावे.

बाहेरची चांदी येण्याच्या वाटा अनेक होत्या. राजापूर येथे इंग्रजांची वखार १६४९ मध्ये सुरू झाली व शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये ती लुटली. त्या काळी युरोपीय व्यापारी चांदी आणीत ती मुख्यत्वे नाण्यांच्या व लगडींच्या रूपात, आणि ती येथे वितळविली जाई. तयार वस्तू आल्या त्या पुढे. १८१८ नंतर दापोली येथे इंग्रजी लष्कराची छावणी होती. १८२२ मध्ये जिल्ह्याचे ठाणे बाणकोटहून रत्नागिरीस आले. कलेक्टर, न्यायाधीश, लष्करी अधिकारी बदलून जाताना बंगल्यातील सामान विकण्याची त्या काळची सर्वत्र रीत होती. दुसरी वाट समुद्राची. मुंबई बंदरातून सुटणाऱ्या आगबोटींवर डेकवरचे खलाशी मोठ्या प्रमाणावर रत्नागिरी जिल्ह्यातून घेतले जात. तिसरी वाट मुंबईची : चाकरमान्यांनी झवेरी बाजारातून घेतलेली भांडी सणासुदीस गावी येत. चौथी वाट अलीकडची असून, परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबीयांकडून आलेली वा त्यांच्या पश्चात परत आलेली चांदी तिच्यात मोडते.

मुद्राविहीन देशी चांदी : भारतीय व्यवहारात शुद्धतेची हमी ही संस्थेची नसून व्यक्तीची होती. घराचा सोनार ठरलेला असे. कोकणात हा व्यवसाय प्रामुख्याने दैवज्ञ समाजाकडे होता. त्याच सोनाराने घडविलेली वस्तू मोडीस परत आल्यास तो ती आपल्या कबूल केलेल्या टंचाने घेई. टंच म्हणजे शंभर भागांतील शुद्ध धातूचे प्रमाण. परक्या सोनाराची वस्तू आली, तर तो कसोटीच्या दगडावर तिचा कस पाही, किंवा कोपऱ्यातून थोडा तुकडा काढून तापवून पाही. कसोटीची परंपरा प्राचीन असून कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिचे नियम आहेत. मात्र सोन्याच्या मानाने चांदीच्या बाबतीत कसोटी कमी विश्वसनीय ठरते; ९२ आणि ८५ टंचांच्या रेघांतील फरक अनुभवी डोळ्यासही नीट सांगता येत नाही.

अशा चांदीचा काळ व दर्जा ठरविण्यासाठी मुद्रेऐवजी दुसऱ्या पुराव्याकडे वळावे लागते. त्यांतील सर्वांत मोलाचा पुरावा म्हणजे भांड्यावर घातलेले नाव. टोकदार छिन्नीने टिंबे देऊन वा बारीक रेघांनी कोरलेले मालकाचे नाव, देणाऱ्याचे नाव, प्रसंग व तिथी हे सर्व महाराष्ट्रात इतक्या सर्रास आढळते, की त्याचे ऐतिहासिक मोल कोणाच्या ध्यानात येत नाही. मोडी लिपीतील नाव बहुधा विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचे असते, कारण त्यानंतर ती लिपी व्यवहारातून गेली. ‘रा. रा.’ हे संबोधन असलेला लेखही सामान्यतः त्याच काळापर्यंतचा मानता येतो. कोरलेले वर्ष शकाचे असेल, तर त्यात ७८ मिळवावे. चैत्रातील वर्षारंभामुळे पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीसाठी बहुधा ७९ मिळवावे लागतात. कधीकधी शक न देता केवळ संवत्सराचे नाव दिलेले असते. संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे असल्यामुळे ‘कीलक’ असे नाव आढळल्यास शके १७७०, १८३० व १८९० म्हणजे अनुक्रमे १८४८-४९, १९०८-०९ व १९६८-६९ अशी तीन वर्षे संभवतात, आणि त्यांतून निवड करण्यासाठी घराण्याची वंशावळ, अक्षरवळण व भांड्याची घडण पाहावी लागते. लंडनच्या वर्षदर्शक अक्षरांचा प्रश्नही नेमका असाच आहे. त्याचा उल्लेख पुढे येईल.

एक सावधगिरी येथे आवश्यक आहे. नाव हे भांडे घडविल्याच्या वेळीच घातलेले असते असे नाही. जुने भांडे नातवाच्या मुंजीत देताना त्याच्यावर नवा लेख घालीत. जुने नाव घासून त्यावर नवे घातलेले असल्यास तेथील पत्रा इतर भागापेक्षा पातळ लागतो. बोटांनी चाचपल्यासही हे कळते.

दुसरा पुरावा वजनाचा. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारचा रुपया १८० ग्रेन वजनाचा व अकरा-द्वादशांश, म्हणजे हजारात ९१६.६ शुद्धतेचा ठरला. हेच वजन एका तोळ्याचे झाले. त्यामुळे सोनार भांड्याचे वजन ‘रुपयाभारा’त सांगे आणि पुष्कळदा ते बुडाशी कोरून ठेवी. बुडाशी ‘४२ भार’ असे असल्यास मूळ वजन सुमारे ४९० ग्रॅम होते. आजचे वजन त्याहून चारदोन ग्रॅमनी कमी भरले, तर ती घासण्यातील झीज समजावी. बरेच कमी भरले तर एखादा भाग, उदाहरणार्थ झाकण अथवा बैठक, हरवला आहे. आणि जास्त भरले तर दुरुस्तीत नवा धातू पडला आहे. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा असून ती पुढील काही वर्षांत अमलात आली; तोळ्यातील कोरीव वजन त्यापूर्वीचे असण्याचा संभव अधिक. आज पेढीवर तोळा म्हणून १० ग्रॅम धरतात. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. वाटणीच्या कागदात नुसते ‘तोळे’ लिहिलेले असल्यास कोणता तोळा, हे ठरविल्यावाचून हिशेब जुळत नाही, आणि याच कारणावरून भावाभावांत अकारण संशय निर्माण होऊ शकतो.

देशी भांड्यांतील चांदीचा कस हा चलनाच्या इतिहासाशी निगडित आहे. राणीछाप रुपये सोनाराकडे देऊन त्यांचे भांडे वा दागिना करून घेण्याची प्रथा देशभर होती. असे भांडे तत्त्वतः ९१.६ टंचाचे भरावे. सांध्यांसाठी वापरलेल्या हीणकस चांदीमुळे ते प्रत्यक्षात थोडे कमी भरते. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडणीस बंद केल्या. त्यानंतर रुपयाची दर्शनी किंमत त्यातील चांदीच्या किमतीहून अधिक राहू लागली, म्हणजे रुपया वितळविणे तोट्याचे झाले आणि बाजारातील विटांची चांदी स्वस्त पडू लागली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस चांदीचे भाव चढले, तेव्हा उलट परिस्थिती झाली व १९१७ मध्ये नाणी वितळविण्यास सरकारला मनाई करावी लागली. १९४० मध्ये रुपयातील चांदी हजारात ५०० वर आली व १९४७ मध्ये तो निकेलचा झाला. यावरून असे अनुमान करता येते, की ९१ टंचाच्या आसपासची भांडी रुपयांची व बहुधा १८९३ पूर्वीची, तर ९५ टंचाच्या वरची भांडी विटांच्या चांदीची असावीत. हे अनुमानच आहे. पितळ मिसळण्यास सोनाराला कायद्याची आडकाठी नव्हती आणि पन्नास-साठ टंचाची भांडीही तितक्याच निष्ठेने वारशाने आलेली असतात.

विसाव्या शतकात मुंबई-पुण्याच्या पेढ्यांनी आपल्या नावाचा व टंचाच्या आकड्याचा ठसा उमटविण्यास प्रारंभ केला. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी व विदर्भातील खामगाव ही चांदीकामाची गावेही त्याच शतकात नावारूपास आली. हा ठसा म्हणजे विक्रेत्याचे आश्वासन होय, त्रयस्थाची साक्ष नव्हे.

हिंदुस्थानातील युरोपीय वळणाची चांदी : इंग्रजी अमलात कलकत्ता व मद्रास येथे युरोपीय चांदीकारांच्या पेढ्या होत्या. कलकत्त्याची हॅमिल्टन आणि कंपनी व मद्रासची पी. ऑर आणि सन्स या त्यांतील प्रसिद्ध पेढ्या. तपासणीचे सरकारी कार्यालय नसल्यामुळे या पेढ्या स्वतःच ठसे मारीत. हॅमिल्टनच्या चमच्यांवर आद्याक्षरांबरोबर हत्तीची आकृती व सुटी अक्षरे आढळतात. ही अक्षरे इंग्लंडमधील वर्षाक्षरांसारखी दिसतात, पण त्यांवरून वर्ष काढता येत नाही. कच्छमधील भूजचे ओमरसी मावजी यांच्या वेलबुट्टीच्या कामावर ‘ओ. एम.’ व ‘भूज’ ही रोमन अक्षरे असतात. पुण्याचे उठावाचे काम देवदेवतांच्या आकृतींसाठी युरोपीय ग्राहकांत लोकप्रिय होते. सार्वजनिक मानपत्रे ज्यांतून दिली जात ते चांदीचे करंडक या वर्गात मोडतात. त्यांवर प्रसंग व दिनांक कोरलेला असल्यामुळे अशा करंडकांच्या शैलीवरून इतर अदिनांकित कामाचा काळ ठरविता येतो.

इंग्लंडमधील मुद्रा : यांची पद्धत सर्वांत सुव्यवस्थित. १३०० मध्ये पहिल्या एडवर्डच्या कायद्याने चांदीची शुद्धता हजारात ९२५ ठरविली गेली व बिबळ्याचे मस्तक ही तिची खूण झाली. १३६३ पासून कारागिराचा ठसा, १४७८ पासून वर्षदर्शक अक्षर आणि १५४४ पासून पाऊल उचललेला सिंह यांची त्यात भर पडली. पुढे बिबळ्याचे मस्तक लंडनची नगरमुद्रा बनले. १८२१ नंतर त्याच्यावर मुकुट नाही. बर्मिंगहॅमची मुद्रा नांगर व शेफील्डची मुकुट असून ही दोन्ही कार्यालये १७७३ ची आहेत. शेफील्डचा मुकुट जाऊन १९७५ पासून गुलाब आला. नांगराच्या मुद्रेमुळे किनारपट्टीवरील घरांत हमखास फसगत होण्यासारखी आहे. नांगर दिसताच तो चमचा जहाजावरचा ठरविण्याचा मोह होतो. बर्मिंगहॅम मात्र समुद्रापासून दूर, देशाच्या मध्यभागी आहे.

१७८४ ते १८९० या काळात कर भरल्याची खूण म्हणून राजाचे वा राणीचे मस्तक उमटवीत. व्हिक्टोरिया राणीचे लहानसे मस्तक असलेला चमचा त्यामुळे १८९० च्या पुढचा असू शकत नाही. लंडनच्या वर्षाक्षरांचे चक्र वीस अक्षरांचे होते. चक्र संपले की अक्षराचे वळण व भोवतीच्या ढालीचा आकार बदलत. यास्तव नुसते अक्षर वाचून भागत नाही, ते कोणत्या ढालीत आहे हे पाहावे लागते. १९७५ पूर्वी लंडनचे अक्षर मे महिन्यात बदले, म्हणजे एक अक्षर दोन इसवी वर्षांत विभागलेले असते. १९९९ पासून वर्षाक्षर ऐच्छिक झाले आहे.

डेन्मार्कची चांदी : डेन्मार्कच्या व्यापाराचा कोकणाशी निकटचा संबंध आला नाही. त्यांची तरंगंबाडीची वसाहत (१६२०–१८४५) पूर्व किनाऱ्यावर होती. तथापि विसाव्या शतकात डॅनिश चमचे व काटे जगभर पसरले, आणि ते हाती आल्यास ओळखण्याची रीत शिकण्यासारखी आहे, कारण तपासणीचा काळ इतक्या नेमकेपणाने सांगणाऱ्या मुद्रा फार थोड्या देशांत आढळतात.

कोपनहेगनच्या नगरचिन्हातील तीन बुरूज ही तेथील चांदीची मुख्य मुद्रा होय. सतराव्या शतकाच्या आरंभी तिचा वापर सुरू झाला. १६८५ पासून चार ठसे पडू लागले : कारागिराचा, वर्षाच्या अंकासह तीन बुरुजांचा, तपासनिसाचा आणि बारा राशींपैकी एका राशीचा. रवी ज्या राशीत असताना तपासणी झाली ती राशी चौथ्या ठशात असते; म्हणजे तपासणीचा महिनाही कळतो. राशींचा क्रम मुखोद्गत असलेल्या मराठी वाचकास ही पद्धत परकी वाटू नये. मात्र तेथील राशी सायन गणनेच्या असून मेषारंभ २१ मार्चच्या सुमारास होतो, आपल्या पंचांगाप्रमाणे एप्रिलच्या मध्यास नव्हे. राशीचा ठसा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालला.

शुद्धता लोड या मापाने मोजीत. शुद्ध चांदी १६ लोडांची व एक लोड १८ ग्रेनांचा. यातील १३ लोड ४ ग्रेन हे प्रमाण हजारात ८२६ होते. जुन्या डॅनिश चांदीवरील ‘८२६’ हा चमत्कारिक आकडा असा सिद्ध झाला आहे. पुढे ८३० व निर्यातीसाठी ९२५ हे आकडे रूढ झाले. आकड्यापुढील रोमन ‘एस’ हे अक्षर चांदीच्या डॅनिश नावाचे आद्याक्षर आहे. तपासनिसांपैकी सीमॉन ग्रोट (१८६३–१९०४), क्रिस्टियन एफ. हाइसे (१९०४–३२) व योहानेस सिगगार्ड (१९३२–६०) यांच्या मुद्रा सर्वांत अधिक आढळतात. समजा, चमच्याच्या दांड्यामागे तीन बुरूज, त्यांखाली २४ हा अंक व शेजारी हाइसे यांच्या आद्याक्षरांची जोडमुद्रा आहे. तर वर्ष १९२४ हे निश्चित, कारण १८२४ मध्ये हा तपासनीस नव्हता. अंक झिजून गेला असला, तरी तपासनिसाच्या मुद्रेवरून काळाची कक्षा मिळतेच. १९६१ पासून तपासनिसाची मुद्रा बंद झाली.

गेऑर्ग येन्सन (१८६६–१९३५) याने १९०४ मध्ये कोपनहेगन येथे स्थापन केलेल्या कर्मशाळेची चांदी विशेष प्रसिद्ध आहे. टिंबांच्या लंबवर्तुळात त्याचे नाव असलेली मुद्रा १९४५ नंतरची आहे. म्हणजे वस्तूचा नमुना १९१५ चा असला, उदाहरणार्थ योहान रोडे याने योजलेला एकोर्नफळाचा, तरी त्या मुद्रेचा चमचा त्यानंतर तीस वर्षांनी वा आणखी पुढे तयार झालेला असतो. नमुन्याचा काळ आणि वस्तूचा काळ यांतील हा भेद देशी भांड्यांनाही लागू पडतो. जुन्या घाटाचे ताम्हन आजही घडविले जाते.

बुरूज मोजणे मात्र अत्यावश्यक आहे. तीन बुरूज चांदीचे. दोन बुरूज चांदीचा मुलामा दिलेल्या वस्तूचे. झिजलेल्या ठशात हा फरक साध्या डोळ्यांना दिसत नाही. दहापट मोठे दाखविणारे भिंग घ्यावे लागते. केवळ ‘८३०’ या आकड्यावरून वस्तू डॅनिश ठरविता येत नाही, कारण नॉर्वे, स्वीडन व फिनलंड येथेही हे प्रमाण चालत असे. इतर देशांच्या खुणांपैकी जर्मनीचे चंद्रकोर व मुकुट (१८८८ पासून, बहुधा ८०० या आकड्यासह), फ्रान्सचे मिनर्व्हा देवतेचे मस्तक आणि रशियाचा ‘८४’ हा आकडा, म्हणजे हजारात ८७५, या लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. गोव्याशी सोयरीक असलेल्या घरांत पोर्तुगीज चांदी येऊ शकते. तिच्यावर १८८७ पासून रानडुकराचे मस्तक व १९३८ पासून गरुडाचे मस्तक असते.

ब्रह्मी चांदी : ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा यास १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवण्यात आले. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पूर्ण झाला व १९१६ मध्ये तो रत्नागिरी येथेच मरण पावला. तनख्यात खर्च भागत नसल्याने त्याने जवळची रत्ने व मौल्यवान वस्तू स्थानिक लोकांस विकल्या, ही गोष्ट सुविदित आहे. यामुळे जातककथांतील प्रसंगांचे खोल उठावाचे काम असलेला वाडगा रत्नागिरीत आढळला, की तो थिबाचा म्हणून सांगितला जाण्याचा संभव मोठा. तसे असणे अशक्य नाही, परंतु निव्वळ शैलीवरून ते सिद्ध होत नाही. असे वाडगे रंगून, मौलमीन व शान प्रदेशात विक्रीसाठी मोठ्या प्रमाणावर घडविले जात आणि ब्रह्मदेशात नोकरी-व्यापारानिमित्त राहिलेली भारतीय कुटुंबे ते आणीत. त्यांच्या बुडाशी मुद्रेऐवजी प्राण्याची वा मानवी आकृती रेखाटलेली असते. ती कारागिराची खूण समजली जाते, राजमुद्रा नव्हे. राजघराण्याशी संबंध जोडण्यास खरेदीचा कागद, घराण्यातील समकालीन नोंद किंवा वस्तूवरील लेख यांपैकी काहीतरी हवे.

मुद्रेचा आभास : जर्मन सिल्व्हर या नावाच्या धातूत चांदी मुळीच नसते, तो तांबे, जस्त व निकेल यांचा मिश्र धातू आहे. (मराठी बोलीत ‘जर्मनचे भांडे’ म्हणजे पुष्कळदा अॅल्युमिनियमचे, हा गोंधळ आणखी वेगळा.) इंग्लंडमधील एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये विद्युत्‌विलेपनाचे एकस्व घेतल्यानंतर या धातूवर चांदीचा पातळ थर देऊन चमचे, काटे व चहाचे संच विपुल तयार होऊ लागले. त्यांवर ‘ई. पी. एन. एस.’ ही रोमन अक्षरे गॉथिक वळणात, प्रत्येक अक्षर स्वतंत्र ढालीत अशी उमटवीत. दुरून पाहता चार मुद्रांची रांगच भासते. सिंह नसणे ही यातील मुख्य खूण. झिजण्याच्या जागी, म्हणजे चमच्याच्या पाठीवर व काट्याच्या दातांवर, खालचा पिवळसर धातू डोकावतो.

शंका राहिल्यास वस्तूस इजा न करता करण्याजोगी एक परीक्षा आहे. वस्तू हवेत तोलावी, नंतर दोऱ्याने टांगून पाण्यात पूर्ण बुडवून तोलावी. चांदीचे विशिष्ट गुरुत्व १०.५ असून ९२५ शुद्धतेच्या चांदीचे सुमारे १०.४ असते, जर्मन सिल्व्हरचे ८.७ च्या आसपास. १५० ग्रॅमचा चमचा पाण्यात चांदीचा असल्यास साडेचौदा ग्रॅमच्या आत-बाहेर, आणि जर्मन सिल्व्हरचा असल्यास सतरा ग्रॅमहून अधिक हलका होतो. पोकळ वस्तूंना, तसेच लाख वा राळ भरलेल्या सुरीच्या मुठींना ही परीक्षा लागू नाही. पेढ्यांवर सध्या वापरले जाणारे क्ष-किरण यंत्र काही क्षणांत प्रमाण सांगते, परंतु ते पृष्ठभागाचे. जाड मुलाम्याने ते फसते आणि वर्षानुवर्षे आम्लाने उजळलेल्या भांड्याचा पृष्ठभाग आतील धातूपेक्षा शुद्ध झालेला असतो.

मुद्रांचा खरा शत्रू घासणे हा आहे. चिंच, राख, रांगोळी यांनी दर सणाला उजळलेल्या चांदीवरील ठसा दोन पिढ्यांत अस्पष्ट होतो. रिठ्याच्या पाण्याने धुणे पुरेसे असते. ठसा वाचण्यापूर्वी तर भांडे मुळीच उजळू नये. खळग्यातील काळसर थरामुळेच आकृती उठून दिसते. तिरप्या प्रकाशात छायाचित्र घ्यावे, आणि लेख, वजन व मुद्रा यांची नोंद वाटणीपूर्वीच करावी.

भारतीय मानक ब्यूरोने चांदीच्या वस्तूंसाठी शुद्धतामुद्रेची ऐच्छिक योजना २००५ मध्ये सुरू केली. तिच्यात ९९०, ९७०, ९२५, ९००, ८३५ व ८०० या श्रेणी होत्या. १ सप्टेंबर २०२५ पासून या योजनेत प्रत्येक वस्तूस अक्षरे व अंक मिळून सहा चिन्हांचा स्वतंत्र ओळखक्रमांक देण्यात येतो. सोन्याप्रमाणे ही मुद्रा सक्तीची नाही. तिच्याविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : मुद्रा तपासणीचा काळ सांगते, घडणीचा नव्हे. शंभर वर्षांपूर्वीच्या पेल्यावर आज ठसा मारला, तर तो ठसा आजचाच राहील. याउलट शंभर वर्षे जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत येऊ शकते व ती खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या वारसांना वाटणीत अशी वस्तू देताना ही अडचण येते.

ज्या चांदीवर मुद्रा कधीच येणार नाही असा एक वर्ग कोकणात आहे. ग्रामदेवतेचे धातूचे मुखवटे शिमग्यात पालखीत बसवितात. त्यांना ‘रूपे’ म्हणतात आणि चांदीचे जुने मराठी नावही रुपे हेच आहे. ही रूपे कोणा एका घराच्या मालकीची नसून गावाची असतात. ती झिजली वा दुभंगली, की त्याच धातूत नवी भर घालून पुन्हा घडविली जातात. त्यामुळे त्यांतील धातू किती जुना हे भिंगाने वा यंत्राने सांगता येत नाही. मानकऱ्यांच्या स्मरणात व गावाच्या हिशेबवहीत जे असेल, तेवढीच त्यांची मुद्रा.